मागील दार ते विहीर : जांभ्या चिऱ्यांची पायवाट

कोकणात पाऊस जवळ आला की अंगणातून आणि परसातून ओळीने चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे घडीव ठोकळे, टाकून ठेवण्याची रीत जुनी आहे. मागील दारातून विहिरीकडे, गोठ्याकडे किंवा बेड्याकडे (आवाराच्या फाटकाकडे) जाताना पाय चिखलात भरू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू असतो. पाऊस सरला की हे चिरे उचलून गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला रचले जातात आणि पुढच्या ज्येष्ठात पुन्हा मांडले जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरीही वर्षानुवर्षे असेच चालत आले होते. मातीवर नुसता ठेवलेला चिरा मात्र पहिल्या काही मोठ्या सरींतच डुगडुगू लागतो, कारण त्याच्या कडेखालची माती वाहून जाते आणि चिरा मधल्या उंचवट्यावर तोलून राहतो. तरण्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई देवपूजेसाठी लागणारे कळशीभर पाणी आजही स्वतः विहिरीवरून आणतात, आणि केवळ वाट नीट नाही म्हणून त्यांचा तो नेम मोडावा हे आम्हांला पटत नव्हते. म्हणून मागील दारापासून विहिरीपर्यंतच्या सुमारे ४० फूट अंतरात जांभ्या चिऱ्यांची कायमची पायवाट, म्हणजे प्रत्येक पावलाला एक टप्पा अशी, बसवून घेण्याचे आम्ही ठरवले. दगड चांगला हवा हे खरेच, परंतु अशी वाट टिकते की खचते हे चालणाऱ्याचे पाऊल आणि परसातून वाहणारे पाणी या दोन गोष्टींवर ठरते, हे त्या कामात मला फार जवळून पाहायला मिळाले.

सलग काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे व्हावे, असा सल्ला अनेकांनी दिला होता. तो न मानण्याची कारणे भावनेची नव्हती. आमच्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. एवढे पाणी सलग काँक्रीटवर पडले की ते जिरत नाही, वेगाने उताराकडे धावते आणि काँक्रीट जिथे संपते तिथली माती पोखरते. आमच्या परसाचा उतार विहिरीकडे असल्याने ते सारे गढूळ पाणी विहिरीच्या कठड्याशी येऊन आदळले असते. वाटेशेजारी एक जुना फणस आहे, त्याची मुळे पुढेमागे काँक्रीटला वर उचलणार हेही दिसत होते. सुटा बसवलेला चिरा मुळाने उचलला किंवा पावसाने खचला, तर तेवढाच काढून पुन्हा बसवता येतो, त्यासाठी सगळी वाट फोडावी लागत नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अनवाणी पायांना काँक्रीट पोळते आणि चिऱ्यांच्या मधोमध हिरवळ असली तर तो ताप कमी होतो, हे परसात राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

जांभा निवडला तो हाताशी आहे म्हणून, आणि आमच्या घराच्या भिंती, जोते, विहीर, गडगा हे सगळे त्याच दगडाचे आहे म्हणूनही. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात मूळ खडक झिजत गेला, त्यातील सिलिका धुपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली, की जांभा तयार होतो. या दगडाचा एक गुण असा की जमिनीतून काढताना तो मऊ असतो आणि उघड्यावर हवा खाल्ली की कडक होतो. स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात केरळमधील अंगाडीपुरम येथील अशाच दगडाविषयी हेच लिहून ठेवले आहे. कोकणातल्या चिरेखाणीवरच्या माणसाला मात्र ते कोणी सांगावे लागत नाही. आमच्या गवंडीकाकांनी पहिल्याच भेटीत बजावले की खाणीतून आलेला चिरा लगेच जमिनीत पुरायचा नाही, त्याला एक पावसाळा उघड्यावर खाऊ द्यायचा. त्याप्रमाणे आम्ही मे महिन्यात चिरे आणून परसाच्या एका कडेला, दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवून रचले आणि पावसाच्या स्वाधीन केले.

या एका सल्ल्याचा फायदा दुहेरी झाला. एकतर चिरे कडक झाले आणि दुसरे म्हणजे त्यांतले कच्चे आपोआप उघडे पडले. ज्या चिऱ्यांच्या छिद्रांत पिवळसर चिकणमाती भरलेली होती त्यांच्यातून ती धुऊन निघाली, काहींचे कोपरे भुसभुशीत होऊन गळले, तर गडद तांबूस, बारीक छिद्रांचे आणि जड चिरे जसेच्या तसे राहिले. दिवाळीनंतर निवड करताना काकांनी प्रत्येक चिऱ्यावर हातोडीने हलकेच ठोकून पाहिले. पक्का चिरा खणखणीत वाजतो, कच्चा बद्द आवाज देतो. कच्चे निघालेले चिरे आम्ही टाकले नाहीत, ते भाजीच्या वाफ्यांच्या कडेला लावले, कारण तिथे त्यांच्यावर कोणाचा भार पडत नाही. चिरे गरजेपेक्षा थोडे जास्त आणावेत असे मी सांगेन ते याच कारणासाठी.

पावसाळ्याचे ते चार महिने केवळ चिरे भिजण्यात गेले नाहीत. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठून जाते याची पाहणी करण्याचा तोच काळ होता, आणि माझ्या मते पायवाटेच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे. उन्हाळ्यात सपाट वाटणारे परस पावसात किती उंचसखल आहे हे कळते. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीत एक सरळ चर पडलेला होता; त्या रेषेवर दगड बसवला तर वरून पडणाऱ्या धारेने त्याच्या भोवतालची माती उडत राहणार आणि त्याच्यावर शेवाळही सगळ्यांत आधी धरणार. त्यामुळे मागील दाराच्या पायरीनंतरचा पहिला टप्पा पागोळीच्या पूर्ण बाहेर घ्यायचा आणि पागोळीची पट्टी जोत्यालगत खडी भरून मोकळी ठेवायची असे ठरले. दुसरी गोष्ट अशी दिसली की वरच्या बागेतून येणारे पाणी वाटेला मध्यावर आडवे छेदून जाते. बारीक सरीत ते दिसतही नाही, पण आषाढात मोठा पाऊस लागून राहिला की तिथे टीचभर खोल पाण्याचा ओढाच वाहतो. त्या ठिकाणी मी दोन खुंट्या ठोकून ठेवल्या, जेणेकरून कोरड्या दिवसांत काम करताना त्या प्रवाहाची जागा आणि रुंदी कोणी अंदाजाने ठरवू नये.

पावलांची मापे घेण्याची युक्ती सासूबाईंनी सुचवली. एका उघडिपीच्या दिवशी आम्ही दारापासून विहिरीपर्यंत चुलीतली राख चाळून पातळ पसरली आणि घरातल्या प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या चालीने जाऊन यावे असे सांगितले. माझ्या यजमानांचे पाऊल टाचेपासून टाचेपर्यंत २६ इंचांच्या आसपास पडत होते, माझे २३ इंच, आणि सासूबाईंचे रिकाम्या हाताने जाताना २१ इंच. भरलेली कळशी कमरेवर घेऊन त्या परत आल्या तेव्हा तेच अंतर आणखी इंचभर कमी झाले आणि डावे-उजवे पाऊल एकमेकांपासून अधिक फाकून पडले. ओझे घेतलेला माणूस लहान पावले टाकतो आणि तोल सांभाळण्यासाठी पाय फाकवतो, हे त्या राखेवर स्पष्ट उमटले होते. बाजारात तयार मिळणाऱ्या बागेच्या चित्रांत दगडांमधले अंतर दिसायला सुंदर असते, पण ते रिकाम्या हाताने फिरणाऱ्या धडधाकट माणसासाठी असते. ज्याला वाटेची गरज सर्वांत जास्त, त्याच्या पावलाचे माप धरावे, असा निर्णय आम्ही घेतला आणि एका टप्प्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर २० इंच निश्चित केले. लांब पाऊल टाकणाऱ्याला थोडे आखडून चालावे लागते, पण त्यात पडण्याचा धोका नाही. आखूड पाऊल टाकणाऱ्याला मात्र लांब टांग टाकायला लावणे म्हणजे त्याचा तोल घालवणे.

टप्प्याचा आकारही त्याच ठशांवरून ठरला. आमच्याकडे आलेला चिरा सुमारे १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच जाड होता. एकटा चिरा आडवा ठेवला तर पावलाला जेमतेम ९ इंच मिळतात, म्हणजे टाच किंवा चवडा बाहेर राहणार. म्हणून दोन चिरे अंगाला अंग लावून एक टप्पा करायचा, चालण्याच्या दिशेने १४ इंच आणि आडवे १८ इंच अशी मांडणी घ्यायची, असे काकांनी सुचवले. यात दोन चिऱ्यांमधला सांधा चालण्याच्या दिशेत येतो, त्यामुळे पाय सांध्यात अडखळत नाही, आणि फाकून पडणारे डावे व उजवे पाऊल आपापल्या चिऱ्यावर पडते. दोन टप्प्यांमध्ये सहा इंचांची मोकळी माती उरते. चिऱ्याची जाडी तासून निम्मी करावी का, असाही विचार झाला, कारण पातळ दगडाला खड्डा कमी लागतो. पण पूर्ण चिऱ्याचे वजन तीस किलोंच्या आसपास असते आणि ते वजनच त्याला जागेवर धरून ठेवते, हे काकांचे म्हणणे मला योग्य वाटले.

वाट सरळ काढायची की वळणाची, यावर मात्र काकांचे आणि सासूबाईंचे एकमत व्हायला वेळ लागला. काका दोरी धरून काम करणारे, त्यांना दारापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत सरळ रेष हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "अरे बाबा, मी पन्नास वर्षं फणसाच्या अंगानं जाते आहे, तू सरळ वाट केलीस तरी माझे पाय तिथूनच जाणार." राखेवरचे ठसेही तेच सांगत होते, सगळ्यांच्या पावलांची रेष फणसाला वळसा घालून, थोडी सावलीतून, मग पुन्हा विहिरीकडे वळली होती. शेवटी जमिनीवर जाड सुंभ टाकून ते वळण आखले, त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याची फक्की मारली आणि पुन्हा एकदा सगळ्यांना चालायला लावले. वळणावर एक काळजी घ्यावी लागते: टप्पा नेहमी चालण्याच्या दिशेला काटकोनात बसवायचा आणि २० इंचांचे अंतर मधल्या रेषेवर मोजायचे. आतल्या बाजूला फट थोडी अरुंद होते आणि बाहेरच्या बाजूला रुंद, पण पाऊल मध्यावर पडत असल्याने चालणाऱ्याची लय बिघडत नाही.

प्रत्यक्ष खोदकाम दिवाळीनंतर सुरू झाले. त्या सुमारास जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, त्यामुळे कुदळ सहज चालते आणि खड्ड्याच्या कडा ढासळत नाहीत. मे महिन्यात हीच तांबडी जमीन इतकी टणक होते की पहार आपटून हात भरून येतात. पावसाळाभर रचून ठेवलेले चिरे हलवताना मात्र फार सावध राहावे लागले. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचे, या विषारी सापांचे, प्रमाण मोठे आहे आणि दगडाखालची गारवा असलेली फट ही त्यांची आवडती जागा, विंचवांचेही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशावरचे उपचार बदलून टाकले आणि कोकणातले असंख्य जीव वाचवले, त्या कामाविषयी मला नितांत आदर आहे, पण म्हणून दगडाखाली उघडा हात घालायचा नसतो. प्रत्येक चिरा आधी पहारीने उलटवायचा, खाली नजर टाकायची आणि मगच जाड हातमोजे घालून उचलायचा, पायांत गमबूट असायचेच, हा नियम काकांनी स्वतःही मोडला नाही आणि आम्हांलाही मोडू दिला नाही. दगड पोकळी न ठेवता घट्ट बसवणे का गरजेचे आहे, याचे हेही एक कारण आहे. डुगडुगणाऱ्या चिऱ्याखाली नेमकी अशीच जागा तयार होते.

खड्ड्याच्या खोलीचा हिशेब सोपा आहे. चिऱ्याची जाडी ७ इंच, त्याखाली २ इंचांची गादी, आणि चिरा जमिनीच्या वर १ इंच राहायला हवा. म्हणजे खड्डा ८ इंच. हिरवळीत दगड बसवताना तो गवताच्या पातळीला घेतात, म्हणजे यंत्राने गवत कापताना अडथळा येत नाही, पण आमच्याकडे पावसात माती वाहून दगडावर चढते, त्यामुळे इंचभर उंची ठेवणेच चांगले. विहिरीजवळच्या भागात जमीन बाराही महिने ओलसर असते, तिथे खड्डा आणखी ३ इंच खोल घेऊन तळाशी खडीचा थर दिला, जेणेकरून चिऱ्याखाली पाणी साचून राहू नये. प्रत्येक खड्डा टप्प्यापेक्षा चारी बाजूंनी चार बोटे मोठा काढला आणि तळावर पाणी शिंपडून धुमसाने पुरता ठोकून घेतला. हे ठोकणे कंटाळवाणे आहे खरे, पण घाई होऊ नये अशी जागा हीच, कारण सैल तळ पहिल्या पावसात बसतो आणि त्याच्याबरोबर चिराही.

गादीसाठी काय वापरायचे यावर कोणीतरी समुद्राची वाळू सुचवली. ती किनाऱ्यावरून उचलणे कायद्याने वर्ज्य आहे आणि ते योग्यच आहे, परंतु कामाच्या दृष्टीनेही ती उपयोगाची नाही; तिचे कण बारीक आणि गोलसर असतात, ते एकमेकांवरून घसरतात, आणि त्यातले मीठ जवळच्या झाडांना सोसत नाही. शिवाय मुंग्या बारीक वाळू कणाकणाने बाहेर काढून चिऱ्याखाली पोकळी करतात. त्याऐवजी क्रशरवरची काळ्या दगडाची चुरी घेतली. तिच्या कणांना कोन असतात, ते एकमेकांत अडकून बसतात आणि पाणी मात्र त्यांच्यामधून निघून जाते. सिमेंट कुठेही वापरले नाही.

आता एक टप्पा कसा बसला ते जरा जवळून सांगते, कारण पुढचे सगळे त्याचेच आवर्तन होते. आधी काकांनी दोन्ही चिऱ्यांच्या आतल्या, म्हणजे एकमेकांना भिडणाऱ्या बाजू तासून घेतल्या. त्या उभ्या धरून एकमेकांना लावल्या तेव्हा मधून उजेड दिसेनासा होईपर्यंत ते तासत राहिले. मग वरच्या बाजूवर चालण्याच्या दिशेला आडव्या अशा उथळ तासण्या मारल्या. गुळगुळीत लादीवर ओला पाय सटकतो, या खरबरीत रेघांवर तो धरला जातो. खड्ड्यात चुरी किंचित ओलसर करून टाकली, थापीने सारखी केली आणि एका सरळ फळीने ओढून तिचा वरचा भाग सपाट केला. दोघांनी मिळून चिरा कडेने न टेकवता सपाटच खाली सोडला, कारण एक कड आधी टेकली की ती चुरीत रुतते आणि दुसरीकडे पोकळी राहते. त्यानंतर लाकडी मोगरीने मध्यापासून कडेकडे ठोकत गेले. पाणसळ आधी लांबीत आणि मग आडवी ठेवून पाहिली. लांबीत चिरा समतल हवा, आडव्यात मात्र खालच्या बाजूला पाव इंचाहून थोडा अधिक उतार हवा, म्हणजे वर पाणी थांबत नाही. जांभ्याच्या छिद्रांत पाणी राहिले की शेवाळाला निमंत्रणच असते.

पाणसळीवर भागले असे मला वाटले, तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, चिरा बसलाय की नाही ते डोळ्यांनी नाही कळत, टाचेनं बघायचं." त्यांनी मला चिऱ्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने टाच देऊन उभे केले. तिसऱ्या कोपऱ्यावर अगदी पुसटशी हालचाल टाचेला जाणवली, जी डोळ्यांना मुळीच दिसत नव्हती. अशा वेळी कडेखाली बारीक दगडाची कपची सारून चिरा स्थिर करण्याचा मोह होतो, पण कपचीने फक्त कड उचलली जाते, मध्ये पोकळी तशीच राहते आणि काही दिवसांनी कपची मातीत रुतून चिरा पुन्हा हलू लागतो. काकांनी चिरा पहारीने उचलून बाहेर घेतला, चुरीवर उमटलेला त्याचा ठसा पाहिला, जिथे ठसा उमटला नव्हता तिथे मूठभर चुरी वाढवली आणि पुन्हा बसवला. काही टप्पे एकाच बैठकीत बसले, काहींना दोन-तीनदा उचलावे लागले. शेवटी कडेच्या चार बोटांच्या जागेत निम्मी तांबडी माती आणि निम्मी चुरी यांचे मिश्रण थराथराने भरून पहारीच्या बोथट टोकाने ठासले.

मध्यावरच्या त्या आडव्या प्रवाहासाठी वेगळी योजना केली. पावसाळ्यात ठोकलेल्या खुंट्यांच्या मधली जागा मोकळी ठेवून तिच्या दोन्ही अंगांना एकेक चिरा खोलवर उभा गाडला आणि त्या दोघांवर काळ्या दगडाची एक जाड, जुनी पायरी आडवी टाकली. ही पायरी पूर्वी आमच्या पडवीला होती आणि पडवीची दुरुस्ती झाल्यापासून आंब्याखाली पडून होती. तिच्या खालून पाणी निघून जाते आणि वरून माणूस. तळाला गोटे लावल्यामुळे प्रवाह माती पोखरत नाही. जांभ्याचा चिरा असा दोन टेकूंवर अधांतरी ठेवणे मात्र टाळावे, तो दाबाला पक्का असला तरी मधोमध वजन आले की मोडू शकतो.

विहिरीजवळ जमीन एकदम उतरते. तिथे सपाट टप्पे कितीही नीट बसवले तरी उतारावर पाऊल पुढे सरकते, म्हणून शेवटच्या भागात पाखाडीचीच, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेची, पद्धत घेतली. दापोली, गुहागर, राजापूर या भागांतल्या जुन्या वाड्यांमधून जांभ्याच्या पाखाड्या आजही वापरात आहेत, आणि त्यांच्यावरून डोक्यावर भारा घेतलेली माणसे पिढ्यानपिढ्या चढली-उतरली आहेत; त्यांची चढण पायाला जाचत नाही, कारण पायरीची उंची कमी आणि रुंदी भरपूर असते. आम्हीही पायरीची उंची ५ इंच आणि रुंदी १८ इंच धरली. वरच्या पायरीची कड खालच्या पायरीच्या मागच्या भागावर थोडी चढवून बसवली की पायऱ्या एकमेकींना धरून राहतात. सासूबाईंसाठी उजव्या हाताला बांबूचा कठडा केला, तो पुढे लोखंडी करायचा आहे.

टप्प्यांच्या मधल्या सहा इंचांत काय लावायचे यावर मी बराच विचार केला. उघडी माती ठेवली तर पावसाचे थेंब ती उडवून चिऱ्यांवर पसरवतात. उन्हातल्या भागात दूर्वा लावल्या, त्या रोज पूजेलाही लागतात. दर पंधरवड्याने कापल्या नाहीत तर त्या चिऱ्यावर चढतात, एवढे लक्ष ठेवावे लागते. विहिरीजवळच्या ओलाव्यात ब्राह्मी पसरली आणि फणसाच्या सावलीत कारिवणा. लाजाळू मात्र दिसेल तेव्हा मुळासकट उपटते. तिचे काटे अनवाणी पायात मोडतात. वाटेच्या बाहेरच्या कडेला गवती चहा आणि अबोली आहे, पण त्यांची पाने टप्प्यावर झुकणार नाहीत इतक्या अंतरावर, कारण पायाखाली काय आहे ते संध्याकाळी स्पष्ट दिसले पाहिजे.

पहिल्या पावसाळ्यात वाटेची खरी परीक्षा झाली. मृगाच्या सरींनी कडेची भरण ठिकठिकाणी बसली, तिथे उघडीप पाहून पुन्हा मिश्रण ठासले. आषाढात फणसाच्या पुढचे दोन टप्पे विहिरीच्या दिशेने किंचित कलले. उचलून पाहिले तेव्हा खालून घुशीचे बीळ गेलेले होते. बीळ खोदून उघडे केले, त्यात खडी ठासून भरली, वर पुन्हा चुरीची गादी केली आणि दोन्ही टप्पे त्याच दिवशी जागेवर आले. आडवा प्रवाह पायरीखालून बिनबोभाट गेला. ओल्या पायाने, कळशी घेऊन सासूबाई सबंध श्रावणभर त्या वाटेने गेल्या-आल्या आणि त्यांना कुठेही कोणाचा हात धरावा लागला नाही, याचे समाधान मला फार आहे.

शेवाळाचा प्रश्न राहतोच, तो कोकणात कोणत्याच दगडाला चुकलेला नाही. ब्लीचिंग पावडर टाकली की शेवाळ मरते हे खरे, परंतु ती पाण्याबरोबर कडेच्या झाडांच्या मुळांशी आणि पुढे विहिरीकडे जाणार, म्हणून मी ती या वाटेवर वापरत नाही. आठवड्यातून एकदा जाड चुरी भुरभुरवून नारळाच्या हिरांच्या खराट्याने घासते. आडव्या तासण्यांमुळे घासायला जोर जास्त लागतो, पण पकडही त्यांचीच आहे. फणसाच्या खालच्या दोन फांद्या वैशाखात उतरवल्यावर सावलीतल्या टप्प्यांवर सकाळचे ऊन येऊ लागले आणि तिथले शेवाळ स्पष्टपणे कमी झाले, त्यामुळे घासण्याआधी उजेड येऊ देणे हा उपाय मी वरचा मानते.

गोठ्याकडची वाट अजून पूर्वीच्याच सुट्या चिऱ्यांची आहे. तिच्यासाठी या मे महिन्यात चिरे आणून उघड्यावर रचले आहेत आणि पाऊस सुरू झाल्यापासून तिकडचे पाणी कसे वळते ते पाहते आहे. त्या वाटेवरून गुरेही जातात, म्हणून तिथे सुटे टप्पे न घेता खुरांच्या मापाने सलग चिरेबंदी करावी लागेल असे काकांचे मत आहे. खड्डे मात्र दिवाळी झाल्यावरच घ्यायचे आहेत.